संगीताची चाचेगिरी : मानसशास्त्रीय अंग

हक्कधारकाच्या परवानगीविना आणि मोबदला न देता ध्वनिमुद्रित संगीताच्या प्रती मिळवण्यामागील मनोव्यापार. प्रती काढून विकणाऱ्याचा हेतू उघडच आर्थिक असतो. येथे विचार आहे तो एरवी कायदा पाळणाऱ्या श्रोत्याचा.

स्वसमर्थन : ग्रेशॅम साइक्स व डेव्हिड मात्झा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारीविषयी मांडलेला सिद्धांत येथे सर्वाधिक उपयोगी पडतो. नियम मोडणारा नियम अमान्य करत नाही. त्या कृतीपुरता तो बाजूला ठेवतो. ‘दुकानात मिळतच नाही’ म्हणून श्रोता जबाबदारी झटकतो. ‘कंपन्याच कलावंतांना लुबाडतात’ म्हणून दोष देणाऱ्यालाच दोषी ठरवतो. सर्वांत प्रभावी ठरतो तो हानीचा इन्कार, कारण फाइलची प्रत केल्यावरही मूळ फाइल मालकाकडेच राहते. उच्चतर निष्ठेचा दाखला हाही यातलाच एक प्रकार. महाराष्ट्रातील संग्राहक मैफलींच्या खाजगी ध्वनिमुद्रणांची देवाणघेवाण करतात, ती जतनाच्या भावनेने. ही भावना खोटी नाही. बाजारात कधीच न आलेले पुष्कळ गायन याच वाटेने टिकले. मात्र गायकाची संमती हा प्रश्न त्याने सुटत नाही.

उपलब्धता व सवय : जून १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅप्स्टर या फाइल-वाटप सेवेवर एकेक गाणे आणि दुर्मीळ ध्वनिमुद्रणे घरबसल्या मिळू लागली, जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. अॅपलचे ९९ सेंटला एक गाणे विकणारे दुकान एप्रिल २००३ मध्ये आले. मधल्या काळात जडलेली सवय किंमत उतरल्यानेही सुटली नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश वाद्यवृंदाने ‘इन रेनबोज’ या अल्बमची किंमत श्रोत्यांवर सोपवली. अधिकृत प्रत जवळजवळ फुकट घेता येत असतानाही अनेकांनी ती टोरेंटवरूनच (अनधिकृत फाइल-वाटपातून) उतरवली. केवळ पैसे वाचवण्याच्या हेतूने याचा उलगडा होत नाही.

शिक्षेचा धाक : अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने सप्टेंबर २००३ पासून हजारो व्यक्तींवर दावे लावले आणि डिसेंबर २००८ मध्ये हे धोरण सोडल्याचे जाहीर झाले. लोक कायदा पाळतात ते धाकापेक्षा तो न्याय्य वाटतो म्हणून, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचे १९९० मधील प्रतिपादन येथे महत्त्वाचे ठरते.

विक्रीवरील परिणाम : वादग्रस्त.

भारत : प्रताधिकार अधिनियम, १९५७, कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड.