लाल्याची भाकर

लाल्या पाच वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात त्याच्या पाठीवरचे केस जायला लागले. आधी वाटलं, गोचीड असतील. मग तो दिवसभर तुरीच्या कुडाखाली पडून राहायला लागला. तोंडातून लाळ, पोट बिघडलेलं, कोणी फाटक वाजवलं तरी भुंकणं नाही. आमचं गाव खामगावपासून अर्ध्या तासावर आहे. मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळून मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गोचीड काढले, जंताची गोळी दिली, एक इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "खायाले काय घालता याले?"

"भाकर."

"अन्?"

"दूध-भाकर. ताक-भाकर. कधी वरणाचं पाणी."

"मंजे भाकरच," ते म्हणाले. "औषधानं थोडं बरं होईल. बाकीचं तुमच्या चुलीवर आहे."

त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: अंडी, कोंबडीचं काळीज थोडं, दही, शिजवलेला भोपळा, गाजर. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, कारण त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही. शिजवलेलं हाड नाही, ते चिरफळतं आणि आतड्यात घुसतं.

चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा आजीनं हात जोडले. आजी माळकरी. शेगावची वारी कधी चुकली नाही. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. पण तिचा राग अंड्याच्या नावापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा होता. ती म्हणाली, "भाकर खाऊन कोनी बिमार पडते काय? आमी नाई का जगलो?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं की कुत्रा आणि भाकर यांचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात आपल्या ज्वारीचं नावही आहे.

सुरुवात बरीच मागे जाते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथं सापडलं: घरं, चुली, धान्याच्या कणग्या, जनावरांची हाडं. त्या हाडांत कुत्र्याचीही हाडं आहेत. म्हणजे महाराष्ट्रात शेती आली तेव्हाच्या अंगणात कुत्रा होताच, आणि तो माणसाच्या चुलीवरचं उरलंसुरलं खात असणार.

कुत्र्याच्या शरीरानं ही गोष्ट लिहून ठेवली आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना छापली. पिठूळ अन्न पचवणारं अमायलेझ नावाचं एक विकर असतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाबरोबर राहून कुत्रा भाकर पचवायला शिकला. त्यामुळे 'कुत्र्याला धान्य चालतच नाही' असं जे रील्समध्ये सांगतात, ते खरं नाही. धान्य त्याला पचतं. मात्र नुसत्या धान्यावर भागतं का, हा वेगळा प्रश्न आहे.

आपल्या परंपरेनं या दोन प्रश्नांत फरक केला नाही. जेवणाआधी कुत्र्यासाठी घास काढण्याची रीत जुनी आहे. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा घास कोणाकोणासाठी जमिनीवर ठेवायचा याची जी यादी येते, ती वाचताना मी थांबलो. कुत्रे, पतित, कुत्र्याचं मांस खाणारे म्हणून हिणवलेले लोक, महारोगी, कावळे आणि किडे. सगळे एका ओळीत. कुत्र्याच्या वाट्याचं अन्न आणि समाजानं बाहेर ठेवलेल्या माणसांच्या वाट्याचं अन्न एकाच यादीत होतं. घास मिळत होता, पण तो जमिनीवरचा होता. त्यातून खाणाऱ्याचं पोट नीट भरतं का, हे विचारायची जबाबदारी कोणावर नव्हती.

राजांच्या कुत्र्यांचं वेगळं होतं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या ताटातल्या पदार्थांवर प्रकरण आहे, आणि शिकारी कुत्र्यांच्या खेळावरही स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्यानं वाघापासून त्यांचा जीव वाचवल्याची आठवण सांगतात. संगममाहुलीला त्या कुत्र्याची समाधी आहे. पण गावातल्या कुत्र्याची समाधी नसते, आणि त्यानं काय खाल्लं याची नोंदही नसते.

एक अपवाद मात्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून ऐकतो. मला या वेळी तिच्यात दुसरंच दिसलं. भाकरी तर कुत्र्याला मिळालीच होती. नामदेवांना काळजी होती ती भाकरी कोरडी असल्याची.

आता ज्वारीकडे येऊ. ज्वारी मूळची आफ्रिकेची, पण वऱ्हाडात ती इतकी मुरली की ती बाहेरची वाटतच नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1860 च्या दशकात कापसाचे भाव चढले. 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाट्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. कापूस विकायला आणि ज्वारी खायला, अशी इथल्या शेताची वाटणी होती. माणसाच्या ताटात ज्वारी, म्हणून कुत्र्याच्या परळातही ज्वारी.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कुत्र्याचं जेवण दुकानात आलं. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस लंडनला विजेपासून बचाव करणारे दांडे विकायला गेला होता. 1860 च्या आसपास त्यानं गव्हाचं पीठ, बीट, भाज्या आणि सुकवलेलं मांस मिसळून कुत्र्यांची बिस्किटं बनवली. त्याच्या कंपनीत कामाला असलेल्या चार्ल्स क्रफ्टनं पुढे 1891 मध्ये कुत्र्यांचं प्रसिद्ध प्रदर्शन सुरू केलं. आज पाकिटातल्या दाण्यांचं जे जग आपण पाहतो, त्याची सुरुवात इथली.

पण माझ्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर दुकानात नव्हतं, प्रयोगशाळेत होतं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी एडवर्ड मेलनबी या इंग्रज वैद्यानं कुत्र्याची पिल्लं घरात बंद ठेवून मुख्यतः ओटच्या लापशीवर वाढवली. पिल्लांचे पाय वाकले. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर आजार थांबला. मुडदूस खाण्यातल्या कमतरतेनं होतो, हे त्यातून पुढे आलं आणि ड जीवनसत्त्वाचा शोध जवळ आला.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेतली. तिथं मका खाणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, डोकं भरकटणं, आणि शेवटी मरण. अनेकांना तो संसर्ग वाटत होता. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं तो खाण्याचा आजार असल्याचं दाखवलं. त्याच भागात कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग व्हायचा: तोंडात फोड, लाळ, जुलाब. मालकाच्या घरचा मकाच कुत्राही खात होता. दोन्ही रोगांचं मूळ एकच निघालं. 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेहम यांच्या गटानं यकृतातून निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायासिन, वेगळं काढलं आणि ते दिल्यावर काळ्या जिभेचे कुत्रे बरे झाले. लवकरच माणसांनाही तेच औषध लागू पडलं.

आणि मग हैदराबाद. 1958 मध्ये कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा हैदराबादला आली. तिलाच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणू लागले. तिथं सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर पेलाग्राचे रोगी येत होते. हे लोक मका खात नव्हते. दख्खनच्या पठारावरची ही गरीब माणसं ज्वारी खात होती, आणि तीही जवळजवळ नुसतीच. 1960 मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीरात नायासिन तयार होण्याच्या आड येतं. 1965 मध्ये बेळवाडी आणि गोपालन यांचा निबंध आला: ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ झाली. ल्युसिनच्या या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला, सगळीकडचे प्रयोग जुळले नाहीत. पण एक गोष्ट वादात नव्हती. ज्यांच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, दूध, अंडी, मांस, भाज्या होत्या, त्यांना ज्वारीनं काही केलं नव्हतं. ज्यांच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं, ते आजारी पडले होते.

हे मी आजीला सोप्या शब्दांत सांगितलं. लाल्याला काळी जीभच झाली होती, असं मी म्हणालो नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नव्हते. त्याच्या अंगात जंत होते, गोचीड होते, आणि वर खाणं अपुरं होतं. मी फक्त एवढंच सांगितलं की हैदराबादच्या कुत्र्यांनी काय खाल्लं आणि त्यांना काय झालं.

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिनं 72 च्या दुष्काळाचं काढलं. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडणं, सुकडी, आणि रेशनची लाल मिलो. "त्याची भाकर थापाले जाय तं तुटे," ती म्हणाली. "आमच्या कामावर एक बाई होती. तिचे हात कोपरापासून खाली काळे पडले, कातडी निंगे. आमी म्हनो उन्हानं जयले." पुढे ती बाई कामावर दिसली नाही एवढंच तिला आठवत होतं.

त्या बाईला काय झालं होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण 'आमी नाई का जगलो' हा प्रश्न आजीनं त्यानंतर पुन्हा विचारला नाही. जगलेलेच हा प्रश्न विचारायला उरतात, हे बहुतेक तिला माझ्या आधी कळलं.

तडजोड अशी झाली. अंडं घराच्या चुलीवर येणार नाही. अंगणात तीन विटांची वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी. रोज सकाळी मी त्यात लाल भोपळा आणि गाजर शिजवतो, एक अंडं उकडतो, वर दही घालतो. आठवड्यातून दोनदा कोंबडीचं थोडं काळीज; जास्त नाही, कारण काळजातलं अ जीवनसत्त्व अती झालं तर बाधतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं अंड्याच्या टरफलाची पूड, कारण त्याशिवाय या जेवणात कॅल्शियम कमी पडतं. आणि थोडे सोयाबीन, पण नीट शिजवलेले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो.

सोयाबीनचं मला हसू येतं. आमच्या जिल्ह्यात आज जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आहे. त्यानं ज्वारीची वावरं घेतली. एवढं प्रथिन आमच्या डोळ्यांसमोर उगवतं, ट्रॅक्टरमध्ये भरून बाजार समितीत जातं, त्याचं तेल निघतं आणि ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. गावातल्या कुत्र्यांच्या वाट्याला मात्र पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा येतो. पूर्वी निदान भाकर होती.

भाकर आम्ही बंद केली नाही. पातेल्यात आजही अर्धी भाकर कुस्करलेली असते. लाल्याला ती पचते, आवडते, आणि ती आजीच्या हातची असते. फक्त ती एकटी नसते.

महिनाभरात लाल्याची लाळ थांबली. तीन महिन्यांत पाठीवर केस आले, आधी बारीक लव, मग दाट. दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा पोस्टमनवर भुंकला, आणि पोस्टमननं तक्रार केली तेव्हा घरातले सगळे खूश झाले.

मागच्या महिन्यात मी दोन दिवस बुलडाण्याला गेलो होतो. येताना मनात तीच धाकधूक होती की लाल्याला या दोन दिवसांत काय मिळालं असेल. अंगणात आलो तर विटांच्या चुलीत राख ताजी होती. आजी ओट्यावर तुळशीची माळ ओढत बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाजूच्या पोराकडून उकडून घेतलं अंडं. म्या हात नाई लावला." मग थोडं थांबून म्हणाली, "नामदेवानं तूप नेलतं. तवा अंडं कुठी होतं बाप्पा."

लाल्या परळ चाटून पुसून साफ करत होता.