घाटावरचे आणि घाटाखालचे

परवा ऑफिसात चहा पिताना एका मित्राने विचारलं, "अरे, तू बुलढाण्याचा ना? तिकडे ट्रेकला काय आहे?" मी सवयीने "लोणार आहे की" म्हणून मोकळा झालो. नंतर जागेवर येऊन बसलो आणि वाटलं, हे काही खरं उत्तर नाही. लोणारचं सरोवर जबरदस्तच आहे (विवराचा व्यास साधारण १.८ किमी, म्हणजे काठावरून एक फेरी मारली की गुणिले पाय करून पावणेसहा किमी होतात :) ), पण ते बुलढाणा शहरापासून नव्वदेक किलोमीटरवर आहे. खुद्द बुलढाण्यात दोन दिवस मुक्काम असेल तर सकाळी उठून चालायचं कुठे?

पुण्यातल्या मंडळींची ट्रेकची व्याख्या ठरलेली असते. किल्ला हवा, वर टाकं हवं, खाली पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी हवी. बुलढाण्याच्या आसपास असा नावाजलेला किल्ला नाही. सुळका नाही, कडाही नाही. त्यामुळे ट्रेकच्या कुठल्याच यादीत हे गाव येत नाही आणि आम्ही तिथले लोकही "आमच्याकडे काही नाही" असंच सांगत फिरतो. मीसुद्धा बारावीपर्यंत राजूर घाट फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. पायी उतरलो तो इंजिनिअरिंग संपल्यावर, तेही मोटारसायकल बंद पडली म्हणून!

तर आमच्याकडे काय आहे? एक पायरी आहे. भली मोठी, अजिंठ्याच्या डोंगररांगेची पायरी. खाली पूर्णा नदीचं सपाट काळं रान, वर पठार. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आणि बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. मधे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, पण खरी चढण त्यातल्या शेवटच्या थोड्या भागात, राजूर घाटात. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली चौकशी हीच होते: घाटावरचा की घाटाखालचा? लग्न जमवताना, निवडणुकीत तिकीट देताना, सगळीकडे. तेरापैकी सहा तालुके वर, सात खाली. हे आजचं नाही. मोगलांच्या काळापासून वऱ्हाडाचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मोजले जात.

बुलढाणा गाव या पायरीच्या वरच्या टोकावर का आहे, तर हवेसाठी. भिल्लांचं ठाणं म्हणून 'भिलठाणा' आणि त्याचं बुलढाणा झालं असं सांगतात. पण जिल्ह्याचं मुख्य ठिकाण ते झालं इंग्रजांमुळे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड त्यांच्या ताब्यात दिला आणि साहेबाला वऱ्हाडचा उन्हाळा सोसेना. पैसा सगळा घाटाखाली. कापसाचा बाजार खामगावात, नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर-नांदुरा-शेगाववरून, १८७० मध्ये खामगावला खास कापसासाठी फाटा. पण साहेबाची कचेरी वर, गार वाऱ्यात. याची किंमत आम्ही अजून मोजतोय, जिल्ह्याच्या गावाला रेल्वे स्टेशन नाही. असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की बुलढाण्यात चालायचं तर शिखर शोधू नका, ही कड शोधा. एक तर कडेवरून चाला, नाही तर कड उतरून खाली जा. इतिहास या कडेवरच आहे.

आता रोहिणखेड घ्या. घाटाच्या पायथ्याशी, मोताळा तालुक्यातलं साधं गाव. गावातून जाताना कुणाला शंकाही येणार नाही की इथे दोन राज्यांचे निकाल लागलेत. खाली खानदेश आणि बऱ्हाणपूरकडून येणारी वाट, वर दख्खनचं पठार. म्हणजे हे गाव दाराच्या उंबरठ्यावर बसलेलं. १४३७ मध्ये खानदेशचा नासीरखान फारुकी वऱ्हाडात घुसला. कारण घरगुती होतं: त्याची मुलगी बहामनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदला दिलेली, आणि जावयाचा जीव संगमेश्वरच्या राजाच्या मुलीत गुंतलेला. मुलीने बापाला कळवलं, बाप फौज घेऊन आला. बहामनी सरदार खलफ हसनने त्याला रोहिणखेडला हरवलं आणि पार बऱ्हाणपुरापर्यंत पिटाळलं. नासीरखान त्याच वर्षी गेला.

दुसरी लढाई १५९१ ची, आणि चालणाऱ्या माणसाने ती जरूर लक्षात ठेवावी अशी. अहमदनगरात तेव्हा नावाला इस्माईल निजामशहा हा पोरगा गादीवर, आणि खरी सत्ता महदवी पंथाच्या जमालखानाकडे. पोराचा बाप बुऱ्हाण (चांदबिबीचा भाऊ) अकबराच्या आश्रयाला राहून परत आलेला. खानदेशच्या राजा अलीखानाला सोबत घेऊन तो घाटाखाली उभा राहिला. जमालखान पठारावरून आला तर घाटाची वाट अडवलेली. भर उन्हाळा. त्याने दुसऱ्या अवघड वाटेने फौज उतरवली, पण खाली पाणी नाही. जवळ जे पाणी होतं त्यावर शत्रू आधीच जाऊन बसलेला. तहानेने हैराण झालेली फौज तशीच लढली, जमालखान मारला गेला आणि अहमदनगरच्या दरबारातला महदवींचा जोर संपला. गंमत म्हणजे रोहिणखेडची जुनी मशीद बांधली खुदावंदखान महदवीने, १५८२ मध्ये. जेमतेम नऊ वर्षं आधी!

आपल्या भाषेत सांगायचं तर जमालखानाने रूट बदलला पण पाण्याचा पॉइंट चेक केला नाही. या डोंगरात आजही तीच चूक होते. सह्याद्रीत जागोजागी कातळात टाकी खोदलेली सापडतात, इथे तशी सवय ठेवू नका. डिसेंबरनंतर ओढे आटतात. मार्चनंतर तर दुपारी बाहेर पडूच नका. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवंच.

पाण्यावरून दुसरी वाट आठवली, माझी सर्वांत लाडकी. बुलढाणा तालुक्यातल्या मढ गावाजवळ बुधनेश्वरला पैनगंगेचा उगम आहे. मंदिर पाहायचं, आणि मग उत्तरेकडे कडेच्या दिशेने चालत सुटायचं. फार श्रम नाहीत, वाटेत शेतं आणि उघडं माळरान. वाट गावातल्या कुणालाही विचारा, शेतकरी स्वतः थोडं अंतर सोबत येतात. पण पायाखाली काय चाललंय ते बघा. मागे पडलेलं पाणी पैनगंगेतून वर्धेत, पुढे प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जातं. समोर कडेखाली पडलेलं पाणी नळगंगेसारख्या नद्यांतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि अरबी समुद्रात. एकाच ढगाचा पाऊस, सकाळच्या एका फेरीत पार करता येईल एवढ्या अंतरावर दोन समुद्रांना वाटला जातो.

आणि आता हा निसर्गाचा निकाल फिरवायचं चाललंय. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. भंडाऱ्याकडच्या गोसेखुर्द धरणातून सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने पाणी आणून ते नळगंगेत, म्हणजे आमच्या घाटाखाली सोडायचं. गोदावरीचं पाणी तापीच्या खोऱ्यात! घाटाखाली खारपाण पट्टा आहे, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे जमिनीतलं पाणीच खारट. त्या लोकांसमोर "निसर्गाने ठरवलं होतं" असली वाक्यं बोलायची माझी हिंमत नाही. पण वैनगंगेच्या खोऱ्यात भाताला पाणी लागतं त्यांचं काय, हाही प्रश्न आहेच. मढच्या माळावर उभं राहून दोन्ही बाजू जितक्या नीट दिसतात तितक्या बातम्या वाचून दिसत नाहीत.

येताना वेळ असेल तर चिखली रस्त्याला येळगावचं धरण बघून घ्या. बुलढाण्याचं पिण्याचं पाणी इथलंच. याचे दरवाजे गोडबोले पद्धतीचे, म्हणजे पाणी ठरावीक पातळीवर आलं की त्याच्याच दाबाने आपोआप उघडतात. वीज नाही, ऑपरेटर नाही. आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरला असं काही बसवता आलं तर बरं!

राहिलं ज्ञानगंगा अभयारण्य, बोथ्याचं जंगल. खामगाव रस्त्यावरचं, २०५ चौ. किमी., सागाचं. इथे मात्र मनाला येईल तसं चालता येत नाही. वनविभागाची परवानगी लागते, आणि आडवाटेने आत शिरणं हा गुन्हा आहे. मला आधी याचा राग यायचा. मग २०१९ मध्ये एक पाहुणा आला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला तरुण वाघ. जून ते डिसेंबर, मराठवाडा आणि तेलंगणातून, नाले, शेतं, हायवे ओलांडत सुमारे १३०० किमी चालून तो ज्ञानगंगेत थांबला. कॉलर निघेपर्यंत, म्हणजे २०२० च्या एप्रिलपर्यंत, त्याची चाल ३००० किमीच्या वर गेली होती. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. तो वाघीण शोधत होता असं म्हणतात, आणि ज्ञानगंगेत ती नव्हती. हे वाचल्यावर माझा परवानगीबद्दलचा राग गेला. इतकं चालून त्याने जी जागा निवडली तिथे मी शनिवारी स्पीकर घेऊन जायचं, हे काही बरोबर नाही.

मित्राला शेवटी मेल टाकला: ऑक्टोबरात ये, पहिल्या दिवशी मढ, दुसऱ्या दिवशी पहाटे राजूर घाट पायी उतरून मोताळ्याहून एसटीने परत. गाड्यांचा रस्ता आहे, डाव्या-उजव्या बाजूचं भान ठेव, अंधार पडायच्या आत वर ये. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "किल्ला एकही नाही?"