मेरुद्रवाची घनता, वृद्ध रुग्ण आणि वनप्रदेशातील शल्यचिकित्सा : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या इतिहासलेखनात गोंड राजवट, जंगल सत्याग्रह, कोळसा खाणी आणि आनंदवन यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. तथापि, येथील सामान्य माणसावर शस्त्रक्रिया करणे कशामुळे शक्य झाले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. हर्निया, हत्तीरोगामुळे होणारी अंडवृद्धी, गर्भाशय खाली उतरणे, खुब्याचे हाड मोडणे ही वृद्धांची दुखणी कमरेखालची आहेत. कमरेत सुई टोचून दिल्या जाणाऱ्या भुलेमुळे त्यांवरील शस्त्रक्रिया गावाच्या जवळ आली. या भुलेचा पाया असलेली घनतेची संकल्पना आणि तिचा या प्रदेशाशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घनतेचा शोध

मेंदू व मज्जारज्जूभोवती असणाऱ्या पातळ द्रवास मेरुद्रव म्हणतात. जर्मनीतील कील येथे क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांमधून हा द्रव काढण्याची पद्धत वर्णिली. त्याच शहरात ऑगस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी कोकेन वापरून या मार्गाने भूल दिली व शस्त्रक्रिया केली. पुढे त्यांनी व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवर केला आणि नंतरची तीव्र डोकेदुखीही अनुभवली. भूल मिळत होती. पण औषध किती वर चढेल, यावर नियंत्रण नव्हते.

हे नियंत्रण लंडनचे शल्यचिकित्सक आर्थर बार्कर यांनी १९०७ मध्ये मिळवले. त्यांनी स्टोव्हेन या औषधात ग्लुकोज मिसळून ते मेरुद्रवापेक्षा जड केले. पाठीच्या कण्याच्या वळणांप्रमाणे वाकवलेल्या काचेच्या नळीत त्याची हालचालही दाखवून दिली. जड औषध खालच्या बाजूस जाते. म्हणून रुग्णास कसे बसवावे, निजवावे, टेबल किती कलवावे यावर भुलेची पातळी ठरू लागली. आज वापरात असलेल्या ‘हेवी’ बुपिव्हाकेनच्या दर मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज असते. त्यातील ‘हेवी’ या शब्दामागे बार्कर यांचेच तत्त्व आहे.

वनप्रदेशातील उपयोग

या पद्धतीस वायूंचे अवजड यंत्र लागत नाही. रुग्ण स्वतः श्वास घेतो व बोलू शकतो. दळणवळणाची साधने तुटपुंजी असलेल्या प्रदेशात हे गुण निर्णायक ठरणारे होते. नागपूर येथे १९४७ मध्ये आणि सेवाग्राम येथे १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली; परंतु चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येण्यास २०१५ व गडचिरोलीस २०२४ साल उजाडले. मधल्या काळात या अंतराची झळ येथील रुग्णांना सोसावी लागली.

ती कमी करण्याचे प्रयत्न स्वयंसेवी संस्थांनीही केले. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे वीज नव्हती. डॉ. प्रकाश आमटे यांच्यासोबत गेलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी बधिरीकरणशास्त्राचे शिक्षण घेतले होते, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. शल्यचिकित्सेचा इतिहास कापणाऱ्या हातांची नावे लक्षात ठेवतो. भूल देणारे हात मात्र बहुधा विस्मरणात जातात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात बाहेरून येणाऱ्या शल्यचिकित्सकांची शिबिरे होत आली आहेत.

वृद्ध शरीर आणि स्थानिक हवामान

सर्व शरीरे मात्र सारखी नसतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात गर्भवती स्त्रियांपेक्षा पुरुषांच्या व रजोनिवृत्त स्त्रियांच्या मेरुद्रवाची घनता किंचित अधिक आढळली. हा फरक दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावरचा आहे. साध्या, ग्लुकोजविरहित बुपिव्हाकेनची घनता मेरुद्रवाच्या इतकी जवळ असते की एवढा फरकही तेथे अर्थपूर्ण ठरू शकतो. शिवाय तापमान वाढले की द्रव हलका होतो. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. उलट ‘हेवी’ औषध मेरुद्रवापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी जड असल्याने हे बारीक फरक त्यापुढे गौण ठरतात. साखरेने दिलेली ही निश्चिती साधनांची कमतरता असलेल्या शस्त्रक्रियागृहास फार मोलाची आहे.

परंतु घनता हेच सर्वस्व नव्हे. कमरेच्या भागातील मेरुद्रवाचे प्रमाण व्यक्तिगणिक बदलते आणि भुलेची पातळी त्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे १९९८ मधील अभ्यासाने दाखवले. वृद्धांत तेवढ्याच मात्रेने भूल अधिक वर चढू शकते, रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो आणि कडक झालेल्या अस्थिबंधांतून सुई जाणेही कठीण होते. म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते आणि सुई काढल्यानंतरही रुग्णाजवळ जाणकार व्यक्ती बसून राहावी लागते. औषधाची कुपी दुर्गम भागात पोहोचवणे सोपे आहे. ही व्यक्ती पोहोचवणे कठीण आहे.

निष्कर्ष

१) मेरुद्रव व औषध यांच्या घनतेतील फरकाचे ज्ञान हे यंत्राविना शल्यचिकित्सा शक्य करणारे महत्त्वाचे साधन ठरले.
२) वृद्ध रुग्णांच्या बाबतीत हे साधन प्रशिक्षित निरीक्षणाविना अपुरे आहे, म्हणून भूलतज्ज्ञाची उपलब्धता हा आरोग्यन्यायाचा प्रश्न ठरतो.
३) या प्रदेशातील रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया-नोंदवह्या हे सामाजिक इतिहासाचे अस्सल साधन आहे. रुग्णाचे वय, गाव, दिलेली भूल व मात्रा या चार रकान्यांतून वैद्यक कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत नाही, हे समजू शकते. वाळवी व ओल यांच्या तावडीत सापडण्यापूर्वी, रुग्णांची ओळख गुप्त ठेवून, त्यांचे जतन होणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे. अन्यथा या माणसांच्या वेदनांप्रमाणेच त्यांच्या वेदनामुक्तीचाही पुरावा उरणार नाही.