बालहक्क समितीपुढील हवामान तक्रार (२०१९–२१)

बारा देशांतील सोळा मुलामुलींनी अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या पाच देशांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे केलेली तक्रार. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ती न्यूयॉर्क येथे जाहीर करण्यात आली. तक्रारदार ८ ते १७ वर्षे वयाचे होते. अर्जेंटिनाची कियारा साक्की हिचे नाव यादीत पहिले असल्याने कायद्याच्या अभ्यासात तिच्याच नावाने हे प्रकरण ओळखले जाते. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग, हरिद्वारची रिद्धिमा पांडे आणि समुद्राची पातळी वाढल्याने धोक्यात आलेल्या मार्शल बेटांवरील तिघे त्यांत होते. रिद्धिमाने त्याआधी, २०१७ साली, वयाच्या नवव्या वर्षी राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला होता. लवादाने तो २०१९ मध्ये फेटाळला.

जागतिक परिषदेत मुलांना बोलू देण्याची प्रथा याहून जुनी आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत कॅनडाची बारा वर्षांची सेव्हर्न सुझुकी बोलली. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या बालकांविषयीच्या विशेष अधिवेशनातही मुलांनी भाषणे केली. अशा भाषणांना टाळ्या मिळतात. उत्तर देण्याचे बंधन मात्र कोणत्याच सरकारवर येत नाही. तक्रारीने ते बंधन येते, हे या प्रकरणाचे खरे महत्त्व. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या १२व्या कलमाने, स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा व त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क मुलांना दिला. त्याला तक्रारीची जोड मिळाली ती १४ एप्रिल २०१४ रोजी अमलात आलेल्या तिसऱ्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे, म्हणजे संहितेच्या पूरक करारामुळे.

हेच पाच देश का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. अमेरिका, चीन व भारत हे मोठे उत्सर्जक देश या प्रोटोकॉलमध्ये सामील नाहीत. अमेरिकेने तर मूळ संहितेलाही मान्यता दिलेली नाही. त्यामुळे प्रोटोकॉल स्वीकारलेल्या देशांपैकी मोठ्या उत्सर्जकांविरुद्धच दाद मागता येत होती. तक्रारदारांनी नुकसानभरपाई मागितली नव्हती. उत्सर्जन पुरेसे कमी न केल्याने जगण्याच्या, आरोग्याच्या आणि आदिवासी मुलांच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग होतो, म्हणून या देशांनी आपले कायदे व धोरणे बदलावीत, एवढीच त्यांची मागणी होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात समितीने तक्रार अग्राह्य ठरवली. संबंधित देशांच्या न्यायालयांत आधी दाद मागितली नव्हती, हे कारण. पाच देशांत पाच खटले चालवण्यात आपले बालपण सरेल, हा मुलांचा युक्तिवाद समितीला पुरेसा वाटला नाही. सोळा मुलांच्या दृष्टीने हा निकाल कठोरच होता. तरी त्याच निर्णयात समितीने एक मोठी गोष्ट मान्य केली: एखाद्या देशातील उत्सर्जनामुळे सीमेपलीकडच्या मुलांना अंदाज करता येण्याजोगी हानी पोहोचत असेल, तर त्या मुलांबाबतही तो देश उत्तरदायी ठरू शकतो. हवामानबदलाच्या संदर्भात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीव्यवस्थेने हे तत्त्व प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले. समितीने मुलांना सोप्या भाषेत खुले पत्र लिहून निर्णयाची कारणेही समजावली. मुलांचे ऐकायचे, तर उत्तरही त्यांना कळेल असेच हवे; ही पद्धत इतर आंतरराष्ट्रीय संस्थांनी उचलण्याजोगी आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये समितीने पर्यावरण व हवामानबदलाविषयीचे २६वे सर्वसाधारण भाष्य प्रसिद्ध केले. त्यासाठी १२१ देशांतील सोळा हजारांहून अधिक मुलांची मते घेतली गेली. साक्की प्रकरणातली विचारसरणी या भाष्यात पुढे नेलेली दिसते.

भारताने बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारली, तिसरा ऐच्छिक प्रोटोकॉल मात्र नाही. त्यामुळे रिद्धिमा पाच परक्या देशांविरुद्ध समितीकडे जाऊ शकली, पण स्वतःच्या सरकारविरुद्ध तिला तेथे जाता येत नव्हते. भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारायला हवा.