लग्नगडी आणि मुक्तीचा दाखला

ठाणें जिल्ह्याचा इतिहास सांगतांना बंदर, किल्ला व आगगाडी यांस लेखकांनीं भरपूर जागा दिली. लग्नगड्यास मात्र क्वचितच. लग्नापुरतें कर्ज सावकाराकडून काढावयाचें व तें फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या शेतावर राबावयाचें, अशी ही वहिवाट होती. हिशेबाची वही सावकाराच्या हातीं, आणि वारली वा कातकरी गडी निरक्षर. मग कर्ज फिटावें तरी कसें? मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत आपल्या अहवालांत ही प्रथा नमूद केली. पुढें १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेनें उंबरगांव-डहाणू भागांत वारल्यांस संघटित केलें, तेव्हां वेठीस पहिला मोठा हादरा बसला.

१९५० सालीं संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें वेठ निषिद्ध झाली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें तर असलीं सर्व कर्जें रद्द केलीं, आणि कर्ज वेठीचें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकिला. कायदा उत्तम खरा. परंतु कचेरींतून पाड्यापर्यंत तो आपल्या पायांनीं चालत जात नाहीं!

तें काम बिनसरकारी संस्थांनीं केलें. त्यावेळीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या वसई तालुक्यांत विवेक व विद्युल्लता पंडित यांनीं १९७९ सालीं विधायक संसद स्थापिली. गड्याची जबानी लिहून घेणें, त्याच्यासमवेत तहसीलदाराकडे जाणें, मुक्तीचा दाखला मिळेतों पाठपुरावा करणें, असें हें कष्टाचें कार्य. पण दाखल्यानें पोट भरत नाहीं. सुटलेला गडी रोजगारासाठीं पुन्हां त्याच दारीं उभा राहावयाचा. म्हणून मजुरांची स्वतःची श्रमजीवी संघटना १९८२ सालीं उभी राहिली. माझ्या मतें खरी मुक्ती येथूनच सुरू झाली, कारण यापुढें मजुरीचा दर मागणारा एकटा नव्हता. १८३९ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेनें १९९९ सालीं पंडित दांपत्यास आपला पुरस्कार दिला.

कल्याण-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर कर्जाचें नांव बयाणा. पावसाळा सरल्यावर बयाणा घेतलेलीं कुटुंबें मुलांबाळांसह भट्टीवर येत, व गांवची शाळा मुलांस अंतरे. त्यांच्यासाठीं विधायक संसदेनें १९९० च्या दशकांत भट्टीवरच शाळा काढिल्या. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीस भोंगा म्हणतात. तिच्यावरूनच या शाळांस भोंगाशाळा हें नांव पडलें.