रंध्यावरची नावे

इंग्लंडमधल्या एका जुन्या बाजारात मी पहिला लाकडी रंधा विकत घेतला. बीचच्या लाकडाचा, गलता मारायचा. घरी येताच पॉलिश पेपरने घासून तो लख्ख केला. पुढे जाणकारांकडून कळले, की मी त्याची कागदपत्रेच फाडून टाकली होती.

ब्रिटिश रंध्याची जन्मकुंडली त्याच्या पुढच्या टोकावर ठोकलेली असते. तिथे रंधा घडवणाऱ्याचा शिक्का असतो आणि त्याच्या आसपास मालकांचे. चार सुतार एकत्र काम करत तिथे अवजारांची अदलाबदल होऊ नये, म्हणून प्रत्येक जण आपले नाव ठोकी. मालक बदलला की जुन्या नावाशेजारी नवे नाव येई. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रंधे घडवणे हा स्वतंत्र धंदा म्हणून उभा राहू लागला होता. शिक्का अस्पष्ट असला तर लांबीही साक्ष देते. अठराव्या शतकाच्या आरंभीचे गलत्याचे रंधे बहुधा दहा इंच किंवा थोडे जास्त भरतात. शतक सरता सरता साडेनऊ इंच हे माप रूढ झाले.

डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ साली अशा कारागिरांची सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे घडवणारे इतिहासात आले. वापरणारे मात्र बहुतांशी बाहेरच राहिले.

याला एक ठळक अपवाद आहे, बेंजामिन सीटन. १७९६ साली वडिलांनी त्याला अवजारांचा पूर्ण संच घेऊन दिला. त्याने त्यासाठी सुरेख पेटी बनवली आणि आतल्या अवजारांची यादीही लिहून ठेवली. रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात ती पेटी आज जवळजवळ कोरी दिसते. कारण ती अवजारे फारशी वापरलीच गेली नाहीत. ज्यांनी आपले रंधे झिजेपर्यंत चालवले, त्यांच्या मागे अशी पेटी कुठून उरणार?

त्यांच्या मागे उरते ते टोकावरचे नाव. माझ्याकडच्या एका रंध्यावर तीन मालकांची आद्याक्षरे आहेत. बाजारात भाव ठरतो तो मुख्यतः घडवणाऱ्याच्या शिक्क्यावर; पण माझे बोट आधी त्या तीन खुणांवरून फिरते. आता मी रंध्याची फक्त धूळ पुसतो, लाकूड कोरडे पडले तर जवसाच्या तेलाचा हलका हात देतो.

तो पहिला रंधा अजून फळीवर आहे. तो कुणाचा होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि ते पुसणारा हात माझाच होता.