घोरण्याचा अभ्यास : प्रस्तावना

‘कसा डाराडूर झोपलाय, घोरतोय बघा!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. घोरणे म्हणजे गाढ झोप ही समजूत घरोघरी आहे, आणि या विषयात पाऊल टाकणाऱ्याला आधी तीच सोडावी लागते.

नाकाला हाडांचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा. मधल्या घशाला असा आधार नाही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचे मूळ, बाजूच्या भिंती हे सारे स्नायूंनी तोलून धरलेले असते. गिळताना ही वाट मिटावी लागते, बोलताना तिला क्षणोक्षणी आकार बदलावा लागतो. ती ताठर असून चालणारच नाही. झोप लागली की स्नायू सैलावतात, उताणे निजल्यावर जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते. तिथून हवा वेगाने जाते, दाब उतरतो, भिंती आत ओढल्या जातात आणि पुन्हा सुटतात. या थरथरण्याचा आवाज म्हणजे घोरणे. मानेभोवतीची चरबी, रात्रीची दारू, चोंदलेले नाक, लहान मुलांचे वाढलेले टॉन्सिल्स यांनी त्यात भर पडते.

सगळेच घोरणारे आजारी नसतात. कान द्यावा तो आवाजात पडणाऱ्या खंडाकडे. घोरणे चढत जाते आणि एकाएकी थांबते. छाती-पोट हलत असते, पण नाकापाशी हवा नसते. असा खंड १० सेकंद किंवा अधिक टिकला तर तो श्वासरोध धरतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, हिसक्यासरशी श्वास सुटतो आणि घोरणे पुन्हा सुरू. सकाळी त्या माणसाला यातले बहुधा काही आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणारीचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. निदानातला पहिला पुरावा बहुतेक वेळा तीच देते.

अभ्यासकांनाही हे उमगायला वेळ लागला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या पेंगणाऱ्या, घोरणाऱ्या लठ्ठ पोरावरून नाव देऊन अमेरिकी डॉक्टरांनी १९५६ मध्ये एका विकाराचे वर्णन केले, पण पेंगेचे खापर रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर फोडले. घसा तपासायचा राहिलाच. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपेतला श्वास मोजला, तेव्हा अडथळा सापडला. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन ही वाट उघडी ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेविना, त्याच रात्री गुण देणारा हा उपाय मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. हा विकार आपल्याकडेही कमी नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना झोपेतल्या श्वासरोधासोबत दिवसाची पेंगही होती.

पहिल्या प्रकरणाला यंत्र लागत नाही. घरात कोणी घोरत असेल तर आवाज किती वेळ थांबतो, कुशीवर वळल्यावर कमी होतो का, सकाळी डोके दुखते का, दुपारी डोळा लागतो का, एवढे टिपून ठेवावे. दुसऱ्या प्रकरणातले रात्रभराच्या नोंदींचे आलेख मग सहज वाचता येतील.